किड्यांच्या ढोके काकू

ढोके काकू कोणाच्याही घरात शिरल्या की आधी खाली पाहायच्या. सोफा कोणत्या रंगाचा, भिंतीवर काय टांगलंय, हे त्यांना दिसत नसे. नजर आधी दाराखालच्या फटीवर, मग भिंत आणि जमीन मिळते त्या कडेवर, मग स्वयंपाकघरातल्या सिंकखालच्या कपाटावर. "चहा घेणार ना काकू?" असं विचारलं तर म्हणायच्या, "घेते ना. पण तुझ्या या नळाखाली ओल दिसते बाई. ती पाहून घेऊ का आधी?" आणि उत्तराची वाट न पाहता गुडघ्यांवर बसून कपाटात डोकं घालायच्या. मी त्यांना पहिल्यांदा भेटले तेव्हा त्या बहात्तर वर्षांच्या होत्या.

व्हर्जिनियातल्या आमच्या हर्नडन गावच्या मराठी मंडळींत दोन ढोके काकू होत्या. एक संक्रांतीच्या गुळपोळ्यांच्या, आणि एक या, किड्यांच्या. मूळच्या अकोल्याच्या. तिथल्या शेतकी कॉलेजात शिकल्या, लग्न करून डॉक्टर नवऱ्यामागे अमेरिकेत आल्या, इथे पुन्हा शिकल्या आणि तीस वर्षं सरकारी नोकरीत किडे ओळखण्याचं काम केलं. लोकांनी डबीत भरून पाठवलेला किडा कोणता, कुठून आला, त्याचं काय करायचं, हे त्या सांगायच्या. मी भेटले तोवर नोकरीही संपली होती आणि डॉक्टर ढोकेही गेले होते. काकू घराबाहेर पडताना डॉक्टरांचे लांब बाह्यांचे शर्ट घालायच्या. गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेलं एक भिंग असायचं. पर्समध्ये किडे भरायला औषधांच्या रिकाम्या बाटल्या.

आमची ओळख पिसवांमुळे झाली.

पुण्याहून येऊन आम्ही वर्षभर अपार्टमेंटमध्ये काढलं आणि मग हे भाड्याचं टाउनहाउस घेतलं. घर दोन महिने रिकामं होतं, स्वच्छ होतं, कार्पेट नुकतं धुतलेलं. सामान आणलं त्याच दिवशी आमची ईरा, दीड वर्षाची, पाय खाजवून रडायला लागली. तिसऱ्या दिवशी तिच्या घोट्यांभोवती लाल पुरळ, माझ्या पोटऱ्यांवर तेच. आमच्याकडे कुत्रा नाही, मांजर नाही. अमोल, माझा नवरा, म्हणाला, "बेडबग्ज असणार." त्याने नवी गादी बाहेर नेऊन टाकली. मग घरभर धूर सोडणारे सहा डबे मागवले. ते फोडायचे आणि चार तास बाहेर थांबायचं. ऑफिसमधल्या एका मैत्रिणीने ते ऐकलं आणि म्हणाली, "थांब, आधी ढोके काकूंना फोन कर."

काकू आल्या. दारातच बूट काढले, पर्समधून गुडघ्यापर्यंतचे पांढरे मोजे काढून पँटवरून चढवले आणि कोणाशी काही न बोलता सगळ्या खोल्यांतून पाय घासत चालत सुटल्या. आम्ही दोघं मागे उभे. जिन्यापाशी थांबल्या, एक पाय पायरीवर ठेवला, भिंग लावलं.

"पिसवा आहेत," त्या म्हणाल्या. "इकडे ये, पाह्य."

पांढऱ्या मोज्यावर तिळाहून लहान, तपकिरी असे चार ठिपके होते. मी वाकले तसा त्यातला एक नाहीसा झाला.

"पण काकू, आमच्याकडे पेटच नाहीये," अमोल म्हणाला.

"तुमच्याकडे नाही. आधीच्यांकडे होतं." त्यांनी घरमालकाला तिथूनच फोन लावला. आधीच्या भाडेकरूंकडे दोन मांजरी होत्या.

"दोन महिने घर रिकामं होतं," मी म्हटलं. "इतके दिवस त्या काय खाऊन जगल्या?"

काकू जिन्यावर बसल्या. असं कोणी विचारलं की त्यांचा चेहरा बदलायचा. "काहीच खाल्लं नाही. कोशात होत्या. कार्पेटच्या मुळाशी अळी स्वतःभोवती कोश विणते आणि आत पिसू तयार होऊन बसून राहते. बाहेर येऊन उपयोग नाही, रक्त नाही, हे तिला कळतं. मग एक दिवस दार उघडतं. जमीन हादरते, कोणाच्या तरी श्वासाची ऊब येते. तेव्हा ती बाहेर पडते. तुम्ही सामान घेऊन आलात ना, त्या दिवशी या घरातल्या सगळ्या पिसवा एकदम जाग्या झाल्या."

मला शिसारी यायला हवी होती. पण त्या ज्या आवाजात सांगत होत्या त्यात किळस कुठेच नव्हती. एखाद्या चिवट, हुशार शत्रूविषयी म्हातारा सैनिक बोलेल तसं त्या बोलत होत्या.

धुराचे डबे त्यांनी परत पाठवायला लावले. "धूर वर वर फिरतो आणि टेबलावर बसतो. कोशाच्या आत जात नाही. पोरगी मात्र तेच टेबल चाटेल." त्याऐवजी रोज व्हॅक्यूम करायचं, जिन्याच्या कोपऱ्यांत, सोफ्याखाली, सगळीकडे. "मशीन फिरलं की जमीन हादरते, त्यांना वाटतं कोणी आलं. बाहेर येतात आणि सरळ मशीनमध्ये जातात." व्हॅक्यूमची पिशवी लगेच बांधून बाहेरच्या कचऱ्यात. चादरी गरम पाण्यात. अळ्यांची वाढ थांबवणारं एक औषध त्यांनी लिहून दिलं, ते फक्त कडेकडेने, ईराला दिवसभर बाहेर ठेवून. आणि जमिनीवर एक पसरट ताटली, त्यात साबणाचं पाणी, वर छोटा दिवा. दिव्याच्या उबेला पिसू उडी मारते आणि पाण्यात पडते.

पहिल्या सकाळी ताटलीत सतरा होत्या. मी काकूंना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "छान. पण पुढच्या आठवड्यात वाढतील. घाबरू नको, सोडू पण नको." तसंच झालं. आठव्या दिवशी इतक्या वाढल्या की अमोल म्हणाला, "आता प्रोफेशनलला बोलावूया यार." काकू आल्या, स्वतः व्हॅक्यूम हातात घेतलं आणि जिन्याची प्रत्येक पायरी कशी घ्यायची ते दाखवलं. कोपऱ्यात, मग कडेने, मग आडवं. बहात्तर वर्षांच्या बाईने तेरा पायऱ्या केल्या आणि पाणीही मागितलं नाही. साडेतीन आठवड्यांनी ताटली रिकामी राहायला लागली.

त्यानंतर मी आमच्याच वस्तीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या त्यांच्या घरी जायला लागले. फ्रीझरमध्ये मेथीच्या आणि खोवलेल्या नारळाच्या डब्यांशेजारी त्यांचे किड्यांचे डबे असत. प्रत्येकावर पेन्सिलीने लिहिलेलं, कुठे सापडला, कोणाला सापडला. हळदीकुंकवाला आलेल्या एका बाईने नारळ म्हणून भलताच डबा उघडला होता, ती गोष्ट काकू स्वतः हसत सांगायच्या. "बाई ओरडली नाही. नुसती बसून गेली खाली."

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं, "आधी ओळख, मग मार." जो न ओळखता फवारतो त्याच्यावर त्या चिडायच्या, आणि चिडल्या की समोर कोण आहे ते पाहायच्या नाहीत. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी मुंग्यांसाठी सगळ्या स्वयंपाकघरात पावडर टाकली होती. काकूंनी भर जेवणाच्या पंगतीत त्यांना म्हटलं, "मुंग्या मेल्या नाहीत. तुम्ही रोज थोडं थोडं औषध खाऊन राहिले." ते गृहस्थ दोन वर्षं त्यांच्याशी बोलले नाहीत. काकूंना ते लागलं होतं. मला एकदा म्हणाल्या, "खरं बोलली, पण जेवताना बोलली. माणसांची काही सवय नाही मला."

आमच्या वस्तीच्या कमिटीने एका उन्हाळ्यात डासांसाठी दर पंधरवड्याला सगळीकडे फवारणी ठरवली, तेव्हा मात्र त्या शांत राहिल्या. फवारणीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी झाडांखाली चार जुन्या चादरी अंथरल्या आणि दुपारी गोळा केल्या. कमिटीच्या मीटिंगला एक मोठा ट्रे घेऊन गेल्या. कागदावर ओळीने मांडलेले किडे. मधमाश्या, काजवे, लेडीबग, फुलपाखरं, पारदर्शक पंखांच्या लेसविंग. कडेला एका चौकटीत डास. ते तीन होते.

एक बाई उठून काजव्यांच्या ओळीपाशी आल्या आणि बराच वेळ पाहत राहिल्या.

काकू हळू इंग्रजीत म्हणाल्या, "मला एक शनिवार द्या. फवारणीशिवाय डास कमी करून दाखवते. जमलं नाही तर पुन्हा फवारा, मी काही बोलणार नाही."

त्या शनिवारी आम्ही पंधरावीस जण त्यांच्यामागून फिरलो. कुंड्यांखालच्या बशा, ग्रिलवरच्या ताडपत्रीतली खळगी, मुलांची उलटी पडलेली खेळणी. आणि छपराचं पाणी वाहून नेणारे काळे, चुण्या चुण्यांचे पाइप. आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात ते आलं नव्हतं. काकूंनी एक पाइप वाकवला आणि आतलं पाणी पांढऱ्या बशीत ओतलं. बशीभर वळवळ होती. "हे तुमचे डास," त्या म्हणाल्या. "झाडावर नाहीत. तुमच्या पायाशी आहेत." त्या उन्हाळ्यात डास गेले नाहीत, पण संध्याकाळी अंगणात बसता येईल इतके कमी झाले. फवारणी थांबली ती थांबलीच.

पण काकूंचं नाव निघालं की मला आठवतो तो माझ्या वडिलांचा ताप.

अप्पा आणि आई त्या वर्षी सहा महिन्यांसाठी आले होते. अप्पा वीज मंडळातून निवृत्त झालेले, हाताला काम हवं. मागच्या कुंपणापलीकडे झाडी आहे, तिच्या कडेला त्यांनी कारल्याचे आणि दोडक्याचे वेल लावले, दिवसभर तिथेच. जूनच्या अखेरीला एका सकाळी त्यांना ताप भरला. डोकं इतकं दुखत होतं की पडदे लावून घ्यायला सांगितले. आम्ही त्यांना जवळच्या क्लिनिकमध्ये नेलं. तिथे सांगितलं, व्हायरल आहे, पाणी भरपूर द्या, आराम करा.

तिसऱ्या दिवशी दुपारी काकू कारल्यांची पिशवी न्यायला आल्या. अप्पा दिसले नाहीत म्हणून विचारलं आणि सरळ त्यांच्या खोलीत गेल्या.

"अप्पा, अंगावर काही चावलं होतं का एवढ्यात?"

"नाही हो," अप्पा डोळे मिटूनच म्हणाले. "एक गोचीड होती मांडीवर, गेल्या आठवड्यात. चिमटून फेकून दिली. आमच्या लहानपणी म्हशींच्या अंगावर ढिगानं असायच्या."

काकूंनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. "चला," त्या म्हणाल्या. "आत्ता. क्लिनिक नाही, हॉस्पिटल. चहा राहू दे."

हॉस्पिटलमध्ये एक तरुण डॉक्टर आली. मी घाईघाईने सांगायला लागले, पण काकूंनी माझ्या हातावर हात ठेवला. त्यांचं ते इंग्रजी मी आधी कधी ऐकलं नव्हतं. हळू, नेमकं, एकही शब्द जास्तीचा नाही. त्या म्हणाल्या, "मी डॉक्टर नाही. माणसाला काय झालंय ते तुम्ही सांगाल. त्यांना काय चावलंय तेवढं मी सांगते. हे जूनमध्ये व्हर्जिनियातल्या झाडीच्या कडेला काम करतात. आठवड्यापूर्वी गोचीड काढली, तीन दिवस ताप आहे, डोकं दुखतंय. अंगावर अजून काही उठलेलं नाही. मी ते उठायची वाट पाहणार नाही."

डॉक्टरने त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही काय काम करता?"

"तीस वर्षं गोचिडी ओळखल्या," काकू म्हणाल्या.

डॉक्टरने आणखी दोन प्रश्न विचारले आणि बाहेर गेली. अर्ध्या तासात रक्त घेतलं गेलं. तपासणीचा शेवटचा रिपोर्ट यायला बरेच दिवस लागतात, पण औषध त्याच संध्याकाळी सुरू झालं.

आम्ही बाहेरच्या खुर्च्यांवर बसलो होतो. आई डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती. मी काही तरी बोलायचं म्हणून काकूंना विचारलं, त्या या किड्यांच्या नादाला कशा लागल्या.

"माझ्या वडिलांची दोन भावंडं प्लेगात गेली," त्या म्हणाल्या. "एक बहीण, एक भाऊ. सगळं गाव घरं सोडून शेतात झोपड्या बांधून राहिलं होतं. वडील चार-पाच वर्षांचे होते. ते सांगायचे, लोक उंदीर पाहत होते. देवाला पाहत होते. घराला धूर करत होते. आणि पिसू त्यांच्याच गोधडीत होती. कोणी तिच्याकडे पाहिलंच नाही." मग म्हणाल्या, "कॉलेजात पहिल्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पिसू पाहिली. मला वाटलं होतं, राग येईल. नाही आला. इतकी नीट बनवलेली होती ती. मग ठरवलं, हिच्याकडे कोणीतरी पाहायला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी दुपारी अप्पांच्या मनगटांवर आणि घोट्यांवर लाल ठिपके उठले. ती तरुण डॉक्टर कॉरिडॉरमध्ये येऊन आम्हाला म्हणाली, "हा गोचिडीचा ताप. या ठिपक्यांची वाट पाहिली असती तर उशीर झाला असता." काकू तिथे नव्हत्या. त्या आमच्या अंगणात होत्या. अमोल घरी गेला तेव्हा त्याला दिसलं, काठीला बांधलेलं एक पांढरं फ्लॅनेलचं कापड घेऊन त्या कुंपणाच्या कडेने गवतावरून हळूहळू ओढत चालल्या होत्या. दहा पावलं चालायचं, कापड उलटायचं, भिंगाने पाहायचं, चिमट्याने उचलून बाटलीत टाकायचं. संध्याकाळी ती बाटली घेऊन त्या हॉस्पिटलमध्ये आल्या. पाठीवर पांढरट नक्षी असलेल्या सहा गोचिडी, हाच ताप पसरवणाऱ्या जातीच्या. डॉक्टरने बाटली उजेडात धरली. मग स्वतःहून एक खुर्ची काकूंसाठी ओढून आणली आणि दुसरीवर आपण बसली. वीस मिनिटं काकू बोलत होत्या आणि ती लिहून घेत होती.

अप्पा सहाव्या दिवशी घरी आले. आईने ठेवणीतली एक पैठणी काढून काकूंसमोर धरली. काकू म्हणाल्या, "साडी राहू द्या वहिनी. यांना पँट मोज्यात खोचायला लावा." मग त्यांनी गवत आणि झाडी यांच्यामध्ये लाकडाच्या भुशाचा तीन फूट रुंद पट्टा टाकून घेतला, पानांचा कचरा काढायला लावला आणि अप्पांना बजावलं, संध्याकाळी अंघोळीच्या वेळी काखा, कानामागे, गुडघ्यामागे हात फिरवून पाहायचं. अप्पा कोणाचंही ऐकणाऱ्यातले नव्हते. पण पुण्याला परत गेल्यावरसुद्धा ते फोनवर विचारायचे, "ढोके बाई बऱ्या आहेत ना?"

नंतर काकूंची नजर अधू झाली. डोळ्याच्या मधोमध काळा डाग, कडेचं तेवढं दिसायचं. त्यांनी कोणाला सांगितलं नाही. एकदा मी त्यांना एक मेलेला किडा दाखवला, त्यांनी तो भिंगाखाली धरला आणि मग माझ्याकडे परत देत म्हणाल्या, "तू सांग कसा दिसतो. शिंगं किती लांब, पंखावर रेषा आहेत का." मी सांगत गेले. त्यांनी नाव सांगितलं. बरोबर होतं. घरी येऊन मी गाडीतच बसून राहिले.

त्यांचा मुलगा अमेरिकेच्या पार पश्चिम टोकाला, बॉथेलला असतो, तो त्यांना घेऊन जायला येणार होता. काकू पुढे ढकलत होत्या. "मे महिना होऊ दे," म्हणायच्या. कारण आम्हाला मेमध्येच कळलं.

त्या मेमध्ये इथल्या जमिनीतून सिकाडे निघाले. हे किडे सतरा वर्षं झाडांच्या मुळांशी जमिनीखाली राहतात आणि मग सगळे एकदम वर येतात. अंगणात बोटभर रुंदीची भोकंच भोकं. झाडांच्या बुंध्यांवर, गाड्यांच्या चाकांवर, दाराच्या मुठीवर लाल डोळ्यांचे काळे किडे. दुपारी आवाज इतका की फोनवर बोलता येईना. वस्तीतले लोक औषध मारणाऱ्यांना फोन करायला लागले. काकूंनी टपालपेट्यांपाशी एक कागद लावून घेतला. चावत नाहीत. डंख करत नाहीत. लहान रोपांवर जाळी टाका. दीड महिन्यात जातील. कृपा करून थांबा.

बॉथेलला जायच्या आदल्या दुपारी मी त्यांना भेटायला गेले. घरातलं सामान बांधून झालं होतं. त्या मागच्या अंगणात ओकच्या झाडाखाली घडीच्या खुर्चीवर बसल्या होत्या. डॉक्टरांच्या शर्टवर, बाह्यांवर, केसांत, सगळीकडे सिकाडे होते. त्यांनी एकही झटकला नव्हता. ईरा, आता सहा वर्षांची, बुंध्यावरून एक एक उचलून त्यांच्या तळहातावर ठेवत होती.

"बॉय ऑर गर्ल?" ईरा विचारायची.

काकू मूठ हलकेच मिटून कानाशी न्यायच्या. "हा गाणारा आहे. मुलगा." पुढचा घ्यायच्या, बोटाने पोटाखालून चाचपायच्या. "ही मुलगी. ही गात नाही, ऐकते. सोड हिला."

मी खुर्चीपाशी गवतावर बसले. त्या म्हणाल्या, "पहिल्यांदा निघाले तेव्हा माझा पोरगा तुझ्या ईराएवढा होता. दुसऱ्यांदा डॉक्टर होते, इथेच बसले होते, कानात कापूस घालून. हे तिसऱ्यांदा."

"पुढच्या वेळी ईरा तेवीस वर्षांची असेल," मी म्हटलं, आणि म्हटल्यावर मला कळलं मी काय म्हटलं ते.

काकूंनी मान हलवली. "हिला सांगून ठेव," त्या म्हणाल्या. "आज जे अंडी घालतील ना, त्यांची पिलं या झाडाखाली जातील. हिने तेव्हा यावं. मुलगा की मुलगी ते हिला आता येतं."

आवाज पुन्हा वाढला. मग बोलणं शक्यच नव्हतं. मी ईराला हाक मारली, ती आली नाही. फाटकापाशी पोचून मी वळून पाहिलं. काकूंनी चेहरा वर, झाडाकडे केला होता, डोळे मिटलेले, दोन्ही तळहात मांडीवर उघडे. ईरा त्यांच्या गुडघ्याला टेकून उभी होती आणि एक सिकाडा त्यांच्या कपाळावरून, भांगातून, पांढऱ्या केसांत हळूहळू वर चढत होता.